पाण्याचा हिशेब

आइंडहोवन म्हटलं की भारतातून आलेल्या पाहुण्यांना फिलिप्सचे दिवे आठवतात. पाहुणे डॉक्टर असले तर हमखास विचारतात, "ईसीजीवाले आइन्थोव्हेन इथलेच ना?" नाही हो! विलेम आइन्थोव्हेन हे लायडनचे प्राध्यापक, १९२४ सालचे नोबेल-मानकरी. आमच्या गावाशी त्यांचं नातं फक्त उच्चारापुरतं. आणि आमच्या घरातल्या हृदयाचा कारभार तर गेली चार वर्षे ईसीजीपेक्षा न्हाणीघरातल्या साध्या वजनकाट्यावरच चालला आहे. मंडळी, त्या काट्याविषयी चार शब्द लिहावेत असं वाटलं, कारण असा एखादा रुग्ण आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो, इथे नाहीतर तिकडे.

आमच्या घरचे रुग्ण म्हणजे बाबा. एकाचे वडील, दुसरीचे सासरे. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. त्यांना 'हार्टफालेन' आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या पोटात गोळाच आला. मराठीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला! आणि बाबा तर समोर बसून कॉफी ढवळत होते. मग कळलं, की हृदय बंद पडलेलं नाही, थकलं आहे. पंपाचा जोर कमी पडतो, मूत्रपिंडांना वाटतं की शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं आणि फुप्फुसात शिरलं की श्वास कोंडतो.

आता हे पाणी मोजायचं कसं? घागरीत डोकावावं तसं शरीरात डोकावता येत नाही. डॉक्टर रुग्णाला अर्धवट टेकून बसवतात आणि मानेची शीर कुठवर फुगली आहे ते पाहतात. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते बघतात. पाठीला नळी लावून फुप्फुसं ऐकतात. शिवाय रक्ताची तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी. पण यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. पायांवरची सूज तर कित्येकदा बरंच पाणी साठल्यावरच दिसते. "पाय सुजले नाहीत ना, मग झालं!" हे आपलं नेहमीचं वाक्य म्हणूनच फसवं आहे.

हार्टफालेनच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बाबांना पहिल्याच दिवशी शिकवलं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीच्या आधी, तशाच हलक्या कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन दिवसांत दोन किलो चरबी कुणाला चढत नाही, चढतं ते पाणी. तेव्हा तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ दिसली की वाट न पाहता फोन करायचा. बाबांनी लगेच आलेखाची वही काढली. इंजिनिअरच ते!

एका दिवाळीत त्या वहीने आपलं काम चोख केलं. ६८.२ वरून ६९.१ आणि मग ७०.५. पाय अगदी ठीक. "फराळाचं वजन आहे ते," बाबा म्हणाले. पण रात्री त्यांच्या डोक्याखाली एकाऐवजी दोन उशा आल्या होत्या. आम्ही फोन लावला. नर्सबाईंनी तेच विचारलं: उशा किती? रात्री दम लागून जाग येते का? पायऱ्या चढताना थांबावं लागतं का? नवीन गोळी काही? निघालं असं, की गुडघ्यासाठी बाबा दुकानातून विनाचिठ्ठी आयबुप्रोफेन आणून घेत होते. ती गोळीसुद्धा मीठ-पाणी धरून ठेवते. ती बंद झाली, 'प्लासपिल' म्हणजे लघवीची गोळी काही दिवस वाढवली, रक्त तपासलं आणि आठवड्यात वजन ६८.४ वर आलं. हॉस्पिटलात राहावं लागलं नाही.

पापड-लोणच्याचं मीठ सगळ्यांना ठाऊक असतं. पण सैंधव हेही मीठच, आणि 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही औषधांबरोबर ते धोक्याचं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. आणखी एक गंमत. डच लोकांचा लाडका 'ड्रॉप' आणि आपलं खोकल्यावरचं ज्येष्ठमध, दोन्हींचं मूळ एकच. १९४६ साली रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. बाबांनी ड्रॉप सोडला. ज्येष्ठमधाची डबी आम्ही लपवली!

सगळ्यात अवघड गेली ती तहान. दिवसाला दीड लिटर म्हणजे चहा, ताक, आमटीसुद्धा मोजायची. ताकाच्या अर्ध्या वाटीवरून घरात कुरबुरी झाल्या. बाबा एकदा म्हणाले, "पाणी प्यायला परवानगी मागायची का आता?" हा प्रश्न आम्हाला लागला. पुढे २०२५ साली नाइमेगेनच्या रुग्णालयाने चालवलेल्या 'फ्रेश-अप' अभ्यासाचा निकाल आला. त्यात प्रकृती स्थिर असलेले ५०४ रुग्ण होते. निम्म्यांना दीड लिटरची मर्यादा, निम्म्यांना मोकळीक. तीन महिन्यांनी मर्यादेचा म्हणावा असा फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र त्यांनाच जास्त. आम्ही तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांच्या संमतीनं बाबांचा ताकाचा पेला परत आला. पण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, तेव्हा आपल्या मनानं मर्यादा उठवू नये, गोळीही वाढवू नये. उलट उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या झाल्या तर शरीर कोरडं पडतं, उठताना चक्कर येते, वजन उतरतं. तेव्हाही फोन करायचा.

काट्यालाही मर्यादा आहे बरं का. दीर्घ आजारात मांस झडतं आणि त्याची जागा पाणी घेतं. काटा जागचा हलत नाही. म्हणून उशा, दम आणि पट्ट्याचं भोकही बघायचं.

आता राहिली तिकडची माणसं. दर रविवारी आपण पुण्याला, साताऱ्याला फोन करतो आणि विचारतो, "आई, बरी आहेस ना?" त्यावर उत्तर ठरलेलं, "मी बरी आहे, तुम्ही काळजी करू नका." परदेशातल्या मुलाला आई दुसरं काय सांगणार? ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी प्रश्नच बदलावा: "आज वजन किती भरलं? काल किती होतं? उशा किती घेतेस?" आकडा आईच्या मायेनं बदलत नाही. शेजारच्या काकूंना, कामाच्या मावशींना वही लिहायला सांगा, डॉक्टरांचा नंबर त्याच पानावर लिहून ठेवा. चांगला वजनकाटा काही फार महाग नसतो. पुढच्या खेपेला चॉकलेटांबरोबर बॅगेत एक काटाही टाका.