शब्दांची मजुरी

जालन्याच्या काद्राबाद भागात आमच्या लहानपणी शिलाई मशीनच्या जोडीला रेडिओ चाले. तेव्हा रेडिओलाही लायसन्स लागे. फी पोस्टात भरायची. 1980 च्या दशकात ते लायसन्स बंद झाले आणि गाणे फुकटच असते, असे आम्हा दुकानदारांच्या डोक्यात पक्के बसले.

कायदा वेगळे सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे घरात गाणे ऐकणे निराळे, दुकानात गिऱ्हाइकांसाठी वाजवणे निराळे. त्याला हक्कदाराची परवानगी लागते. लग्न, वरात आणि धार्मिक विधी यांना कलम 52 ने सूट दिली आहे. हॉटेलाला, कापडदुकानाला नाही.

‘आधीच धंदा मंदा, त्यात हा भुर्दंड!’ असे आपले लोक म्हणतात. ते खोटे नाही. पण साहिर, शकील, मजरूह आपले शायर म्हणून आपण छाती फुगवतो. रेडिओवर गीतकाराचे नाव घेतले जावे म्हणून साहिर भांडले. नाव मिळाले, दाम मात्र बहुधा निर्मात्याकडे किंवा कंपनीकडेच जाई. 2012 च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कायम केला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले होते.

शिलाईची मजुरी बुडवली तर आम्ही रस्त्यावर भांडतो. मग शब्दांच्या मजुरीला कसे नाही म्हणायचे? वसुलीला येणाऱ्याला जरूर विचारावे : कोणत्या गाण्यांचा हक्क तुमच्याकडे आहे? दर कोणता? पक्की पावती घ्यावी आणि हिस्सा द्यावा.