नागपूरच्या नावाचा कोलकाता क्लब

माझे आजोबा नागपूरला मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात होते. रेल्वेची नावे कितीदा बदलली, तरी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘बी.एन.आर.’च राहिले. कोलकात्यात नोकरीला आल्यावर इथल्या फुटबॉलच्या जुन्या बातम्या चाळताना तीच अक्षरे दिसली आणि मी चमकलेच. बंगाल नागपूर रेल्वे! आपल्या संत्र्यांच्या शहराचे नाव चक्क मोहन बागान, ईस्ट बंगालच्या पंगतीला!

ही रेल्वे कंपनी 1887 सालची. मुख्य कचेरी कोलकात्यात गार्डन रीचला, मोठा कारखाना खरगपूरला. 1944 मध्ये ती सरकारजमा झाली, 1952 मध्ये पूर्व रेल्वेत मिसळली आणि 1955 पासून दक्षिण पूर्व रेल्वे म्हणून वेगळी झाली. (आज तर नागपूर विभाग तिच्याकडेही नाही, त्याचा कारभार बिलासपूरहून चालतो.) क्लबने मात्र जुने नाव सोडले नाही. 1963 ची आयएफए शील्ड जिंकली ती बीएनआर म्हणूनच, आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईतला रोव्हर्स कपही याच नावाने नेला. कंपनी जाऊन तोवर वीस वर्षे झाली होती!

या रेल्वेने हॉकीलाही एक हिरा दिला. बिलासपूरला जन्मलेला लेस्ली क्लॉडियस खरगपुरात बीएनआरकडून फुटबॉल खेळत असे. 1946 मध्ये एकदा खेळाडू कमी पडला, म्हणून 1932 च्या ऑलिंपिक विजेत्या संघातील डिकी कार यांनी त्याच्या हाती हॉकी स्टिक दिली. पुढे त्याने ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळवले.

मुंबईत मफतलाल, टाटा यांचे संघ होते, तसाच हा प्रकार. मोठे क्लब नाव देत. रेल्वे देई एक तारखेचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन. घर चालवणाऱ्या बाईला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. पी. के. बॅनर्जींसारखा खेळाडू ईस्टर्न रेल्वेतच राहिला आणि 1958 मध्ये त्या संघाने कोलकाता लीग जिंकली. त्यानंतर तीन बड्या क्लबांबाहेरचा विजेता मिळायला 2019 उजाडले. तो पीअरलेस, म्हणजे पुन्हा एका कंपनीचाच संघ.

मला मात्र आठवतो तो तुलसीदास बलराम. सिकंदराबादचा मुलगा, दोन ऑलिंपिक खेळलेला, 1962 च्या जाकार्ता एशियाडचा सुवर्णविजेता. ईस्ट बंगालचे वलय सोडून तो 1963 मध्ये बीएनआरमध्ये आला. लोकांना नवल वाटले असेल. पण थोड्याच काळात छातीच्या आजाराने गाठले आणि तिशीच्या आतच खेळ संपला. बूट उतरले, तरी हाती रेल्वेची नोकरी होती. तो बंगालमध्येच राहिला, हुगळीकाठच्या उत्तरपाड्यात. 2023 च्या फेब्रुवारीत तो गेला.