पिल्ली

आदिलाबादला आमच्या घरात मराठी, गल्लीत तेलुगू. तेलुगूत मांजराला ‘पिल्ली’ म्हणतात. त्यामुळे त्या डिसेंबरात शेजारच्या काकू “पिल्ली आली” म्हणाल्या, तेव्हा मी पिल्लू शोधायला धावले. आणि खरंच पिल्लूच होतं, आईविना.

आजीने लगेच म्हशीचं दूध कोमट करून वाटीत ठेवलं. मांजराला दूध, यात विचारायचं काय? रात्रीपासून जुलाब सुरू झाले. पोटात काही राहत नाही म्हणून आजीने आणखी दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ते पचवणारं लॅक्टेज आईचं दूध सुटलं की मांजरात कमी होत जातं. गाई-म्हशीच्या दुधात लॅक्टोज साधारण ५ टक्के. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, जुलाब होतात, आणि इवल्या जिवातलं पाणी संपतं. काही मांजरांना दूध पचतंही, म्हणून आपला समज टिकून आहे. मोठ्या मांजराला प्यायला पाणीच पुरे. आईविना पिल्लाला आधी ऊब हवी, मग खास मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर.

यंदा नाताळात दारात दुसरं मांजर आलं. मी पाण्याची वाटी ठेवली आणि कारण सांगितलं. आजी गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे त्या पिल्लाला मीच...?”

“नाही गं, ते थंडीने गेलं.”

रविवारी मिस्सेआधी कन्फेशनला जाईन. हे तिथे सांगायचं का, अजून ठरत नाही.