पाहुणे होऊन जाऊ या

मुलांनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? गाडीतील गाणी, डब्यातील खाऊ, नवे गाव, नवा समुद्र! प्रवास माणसाला शहाणे करतो, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ते खरेच आहे. पण आपण जाऊन आल्यावर त्या गावाला काय मिळते? याचा विचार आपण सहसा करत नाही. म्हणून आज मी तुम्हांला वेळास या गावाविषयी सांगणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात हे छोटेसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. जवळच बाणकोटचा किल्ला आहे. तेथे सावित्री नदी समुद्राला मिळते. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे आणि गावाच्या पुढे लांबच लांब वाळूचा किनारा!

हिवाळ्यात रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या येतात. मादी मागच्या पायांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिलांना पाहायला ती परत येत नाही. वाळूची ऊबच अंडी उबवते. दीड-दोन महिन्यांनी पिले वाळूतून वर येतात आणि इवल्याशा पायांनी समुद्राकडे धावतात. त्यांतील फारच थोडी मोठी होतात.

पूर्वी येथे बरीच अंडी पिले होण्याआधीच नाहीशी होत. कोल्हेकुत्री ती उकरून खात. माणसेही अंडी काढून नेत. कोणी खात असे, कोणी विकत असे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत वेळासला आले. तेथे त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हापासून कासवांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

अंडी चोरणे कायद्याने गुन्हा होताच. पण काळोख्या रात्री किनाऱ्यावर पहारा कोण देणार? ते काम गावातील माणसांनीच केले पाहिजे, हे संस्थेने ओळखले. गावातील तरुण 'कासवमित्र' झाले. ते पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटे शोधतात आणि अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा वाळूत पुरतात. वन विभागही या कामात साथ देतो.

पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे, त्याने केवळ उपदेश ऐकून अंडी का राखावीत? या प्रश्नाचे उत्तर पुढे कासव महोत्सवाने दिले. पिले समुद्रात जाताना पाहायला दूरदूरची माणसे येऊ लागली. ती गावकऱ्यांच्या घरी उतरू लागली. घरातील बायका त्यांना तांदळाची भाकरी, आमटी, सोलकढी असे घरचे जेवण करून वाढू लागल्या. राहण्याजेवणाचे पैसे थेट त्या घरात जाऊ लागले. कासव जगले, तर आपल्या घराला आधार होतो, हे गावाने अनुभवले.

मी एका मार्च महिन्यात वेळासला गेलो होतो. संध्याकाळी आम्ही पन्नास-साठ जण दोरीच्या मागे उभे होतो. कासवमित्राने घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. सगळ्या रिकाम्या! माझ्या शेजारचे एक गृहस्थ चिडून म्हणाले, "एवढे पैसे खर्चून आलो, आणि पिलू एकही नाही? जरा वाळू उकरून बघा ना!"

कासवमित्र शांतपणे म्हणाला, "साहेब, पिलू त्याच्या वेळेला वर येतं. आपण घाई करून चालत नाही."

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या काकू रात्री जेवण वाढताना म्हणाल्या, "दोन दिवस राहूनही पिलू न बघता गेलेले पाहुणे आहेत. काही रागावतात, काही पुढच्या वर्षी पुन्हा येतात."

मुलांनो, त्या गृहस्थांचा हट्ट साधा वाटतो. पण तो पुरवला तर काय होईल? पिलाच्या पोटात अंड्यातील बलकाची थोडीशीच शिदोरी असते. तिच्याच बळावर त्याला लाटा ओलांडून खोल पाण्यात जायचे असते. पाहुण्यांनी पाहावे म्हणून त्याला तासन्‌तास अडवून ठेवले, तर ती शिदोरी किनाऱ्यावरच संपू लागते. कोणी हातात घेऊन फोटो काढला, कोणी विजेरीचा झोत टाकला, तर उजेडाकडे जाणारे ते पिलू वाट चुकते. ज्या पाहुण्यांच्या पैशांनी कासवे वाचली, त्याच पाहुण्यांच्या हट्टापायी ती मरूही शकतात. गावकऱ्यांचीही मोठी अडचण होते. पाहुण्याला नाराज करावे, तर उद्याची मिळकत जाते. खूश करावे, तर कासव जाते. त्यांच्यावर ही पाळी आणायची की नाही, हे आपल्या हातात असते.

उर्दूत ज्याला आपण मेहमान म्हणतो, त्याला मराठीत पाहुणा म्हणतात आणि मेजबानाला यजमान. मेहमानाचे अदब तुम्हांला घरीच शिकवलेले असतात. दुसऱ्याच्या घरी आपण न विचारता कपाट उघडत नाही. ताटात येईल ते आनंदाने खातो. निघताना घर अस्वच्छ करून जात नाही. मग दुसऱ्याच्या गावात हे अदब का विसरावेत?

तुम्ही समुद्रावर जा, किल्ल्यावर जा, लेण्यांत जा. चहा, सरबत, शहाळे गावातल्याच माणसाकडून घ्या. गावातलाच वाटाड्या किंवा नावाडी बरोबर घ्या आणि त्याच्या मेहनतीचे दाम खळखळ न करता द्या. खाऊच्या रिकाम्या पिशव्या आणि बाटल्या आपल्याबरोबर परत आणा. छोट्या गावात कचरा उचलणारी गाडी रोज येत नाही. तुम्ही टाकलेली पिशवी पहिल्या पावसात ओढ्यातून समुद्रात जाते. विहिरीचे पाणी बेताने वापरा, कारण उन्हाळ्यात कोकणातही पाण्याची टंचाई असते. कोणाचा फोटो काढायचा असेल, तर आधी विचारा. आणि जे पाहायला गेलात, ते दिसले नाही, तर यजमानावर रागावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळीही टोपल्या रिकाम्याच निघाल्या. मला तर दुपारच्या एसटीने निघायचे होते. काकूंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि विचारले, "मग, पुन्हा येणार ना?" मी हो म्हणालो. मुलांनो, तुम्ही एखाद्या गावातून परत निघाल, तेव्हा तेथील माणसे तुम्हांला असेच विचारतील का?