मागचं दार उघडं ठेव

आमच्या ऑफिसात मे महिन्यातही दोन ऋतू असतात. एसीची जाळी नेमकी माझ्या डोक्यावर, त्यामुळे खुर्चीवर कायम शाल. चार टेबलं पलीकडे नवं काचेचं पार्टिशन पडलंय; त्याच्या आतला सहकारी फाईलने वारा घेत बसतो. रिमोटवरून आमची रोज जुंपते. त्यातून चार दिवसांची सुटी काढून मी काकूकडे गेले, हिमायतनगरला.

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी मुदखेड, भोकर मागे टाकते आणि हे गाव येतं. परमेश्वराच्या देवळाचं गाव. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. दुपारी स्टेशनवर उतरलं की ऊन अंगावर धावून येतं!

घरी पोचल्यावर मी शहरी हुशारी केली. सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून बैठकीतला पत्र्याचा कूलर फुल्ल सोडला. तासाभरात अंग चिकचिक. आणि माजघरात, जिथे एकही खिडकी नाही, तिथे आजी घामाने भिजलेली. तिला आता उठवून बैठकीत आणणंही जमत नाही.

काकू आली आणि ओरडलीच, ‘‘मागचं दार लावून कूलर लावलास व्हय गं? हवेनं जावं कुठून?’’

खरंच की. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. पण जेवढी आत आली तेवढी बाहेर पडली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ कोंडते. एसीचं उलट. तो बहुतेक तीच हवा फिरवून फिरवून गार करतो, म्हणून दारं बंद. पण त्यालाही परतीची वाट लागतेच. आमच्या पार्टिशनवाल्याकडे ती वाटच बुजली असणार, आणि आम्ही भांडत होतो २२ की २६ यावर!

काकूने बैठकीच्या खिडक्या लावल्या, माजघराचं दार सताड उघडलं आणि परसदार चार बोटं किलकिलं ठेवलं. म्हणजे गारव्याला जायचं तर आजीच्या खाटेवरूनच जावं लागणार. देवघरातल्या उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, तो परसदाराकडे कलला.

अर्ध्या तासाने माजघरातून हाक आली, ‘‘दार जरा लोटा गं, पाय गारठले.’’

मी बॅगेतून शाल काढली.