पाचवा दोरा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या पोर्क सॉसेजच्या, माळा टांगलेल्या असतात. लालभडक, तेलकट, उन्हात चमकणाऱ्या. त्यांच्याखालून वाकून गेलं की व्हिनेगर, लसूण आणि धूर यांचा वास केसांत बसतो आणि घरापर्यंत सोबत येतो. त्या शुक्रवारी मी तिथून रेशाद मसाल्याची बाटली घेतली आणि पणजीला परतले. जिन्यात शेजारच्या आंटी भेटल्या. पिशवीत डोकावून त्यांनी विचारलं, रेशाद आहे, मग बांगडे कुठं आहेत? बांगडे नाहीत म्हटल्यावर त्या पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, "अगो, रेशाद म्हळ्यार भरिल्लें."

बारा वर्षं गोव्यात राहतेय, शेकडो वेळा हा शब्द तोंडात आला असेल. पण तो कधी उघडून पाहिला नव्हता. मूळ पोर्तुगीज रेशियादु, म्हणजे भरलेला. मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, चिंच आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर यांचं ते लाल वाटण बांगड्याच्या पोटात इतकी वर्षं राहिलं, की भरण्याचं नाव त्यालाच चिकटलं. विंदालूचंही तसंच. त्यातलं 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे, ती लसूण आहे. वाइन आणि लसूण यांत मुरवलेलं मांस, एवढाच त्या पोर्तुगीज नावाचा अर्थ. विंदालूत बटाटा घालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण माझ्या घरी तो घालत नाही.

तर भरलेलं. बाटली ओट्यावर ठेवली, आणि आता हे कशात भरायचं, हा प्रश्न दुपारभर माझ्याबरोबर फिरत राहिला. फ्रीजमध्ये पोर्कचे चॉप होते. चार.

बांगड्याला पोट असतं. ढोबळी मिरची मुळातच पोकळ. कारल्याच्या बिया काढल्या की नळी तयार. वांगं मऊ मनाचं, देठ ठेवून दोन चिरा दिल्या की हवं तेवढं आत घेतं. मोदकाची पारी तर सारणासाठीच जन्माला येते. प्राचीन रोममध्ये अख्खं डुक्कर इतर प्राण्यांच्या मांसानं भरून भाजत आणि त्याला ट्रॉयचं डुक्कर म्हणत, पोटात सैनिक लपवलेल्या त्या लाकडी घोड्यावरून. अख्ख्या जनावराला निदान पोट तरी असतं. चॉपला काहीच नाही. पाठीच्या कण्यालगतचा तो एकसंध स्नायू, एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला चरबीची पांढरी किनार, मध्ये कुठंही फट नाही. तिथं जागा आपणच करायची.

आमच्या कुडाळच्या घरात डुकराचं मांस कधी शिजलं नाही. मी ते इथं येऊन शिकले, आंटींच्या ओट्याशी उभी राहून. सोरपोतेल आधी, मग बिंबल हे आंबट फळ घालून केलेलं पोर्क, मग इतर सगळं. गोव्यात 'चॉप' म्हटलं की पुष्कळांना आधी पोटॅटो चॉप आठवतो: उकडलेल्या बटाट्याची पारी, आत खिमा, वरून रवा लावून तळलेला. त्यात हाड नाही, कापही नाही, फक्त नाव चॉपचं. तिथंही भरलेलंच. मला वाटतं, गोव्याच्या स्वयंपाकघराला रिकामी जागा सहन होत नाही.

जागा करायची ती चरबीच्या बाजूनं. पातळ पात्याची सुरी आडवी धरून टोक आत घालायचं, हाडापर्यंत न्यायचं, आणि तोंड तेवढंच ठेवून आतल्या आत पातं पंख्यासारखं फिरवायचं. तोंड दोन बोटांचं, पोट तळहाताएवढं. रांजणाचा आकार. सुरी वरून किंवा खालून बाहेर आली की संपलं, सारण तव्यात सांडतं आणि जळतं. म्हणून चॉप जाड लागतो, चार सेंटिमीटर तरी. मांसवाले तळण्यासाठी पातळ कापून देतात, कारण गिऱ्हाइकं तसेच मागतात. हे चार मिळवायला मला दोनदा परत जावं लागलं होतं.

सारण मी साधं केलं. कालचे पाव कुस्करून उन्हात वाळवले. कांदा चरबीतच गुलाबी केला. शोरिसाचे दोन मणी साल काढून त्यात फोडले, दोन बिंबलं बारीक चिरून घातली, आणि रेशाद फक्त एक चमचा. जास्त घातला तर बांगड्याची आठवण येते आणि मांस मागं पडतं. चीज घालू नये. चीज वितळून सगळ्या चवींवर पांघरूण घालतं, आणि मला आंबट-तिखट उघडं आवडतं.

मग तोंड शिवायचं. टूथपिकनं काम भागतं, पण तव्यावर उलटताना त्या आडव्या येतात. मी दोरा घेतला. रीळ हातात आलं आणि लक्षात आलं की तो पॉलिएस्टर आहे, तापलेल्या तव्यावर वितळू शकेल. दोन दुकानांत सुती दोरा नव्हता. शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्यानं जुन्या डब्यातून एक रीळ काढून दिलं, पांढरं, चाळीस नंबर.

चाळीस नंबर. आईच्या शिवणयंत्रावर तेच असायचं.

आई भरली कारली करायची. ओलं खोबरं, तीळ, गूळ, चिंच, आणि आमचा मालवणी मसाला. प्रत्येक कारल्याला उभी चीर, गर काढून आत मीठ चोळून ठेवायची, मग पिळून, भरून, वरून दोरा गुंडाळायची. दोरा दातानं तोडायची, गाठ मारायची नाही, टोक नुसतं आत खोचायची. माणसं जेवढी, तेवढी कारली, आणि कारली जेवढी, तेवढे दोरे. वाढताना ती काहीच बोलायची नाही. पण जेवणं झाली की ताटं उचलताना तिची नजर प्रत्येक ताटाच्या कडेला जायची. मिठाच्या शेजारी एकेक दोरा, हळदीनं पिवळा झालेला, मसाल्याचे कण चिकटलेला. ती मोजायची. एक, दोन, तीन. भांडी घासायला नेण्याआधी हिशेब पुरा व्हायलाच हवा.

एका पावसाळ्यात हिशेब चुकला. आम्ही पाच जण जेवलो होतो, दोरे चार. आईनं ताटं पुन्हा पाहिली, ताटांखालची जमीन पाहिली, पाट उचलून पाहिले. माझ्या धाकट्या भावाला तोंड उघडायला लावलं. तो तेव्हा चार वर्षांचा, आणि जिभेखाली दोरा शोधताहेत म्हणून हसत होता. "पाचवो दोरो खंय गेलो?" आईनं प्रत्येकाला विचारलं. बाबा म्हणाले, गेला असेल पोटात, सकाळी निघेल बाहेर. आईला ते पटलं नाही. तिनं शेजारच्या काकूंना विचारलं, दोरा पोटात गेला तर आतडी आवळतात का? काकूंनी केळी खायला द्या म्हणून सांगितलं. आम्ही सगळ्यांनी त्या दुपारी केळी खाल्ली. भावानं चार खाल्ली. पाऊस धो धो कोसळत होता, पडवीत पागोळ्यांचा आवाज, आणि आई दर अर्ध्या तासानं भावाच्या पोटावर हात ठेवून बघत होती. रात्रीही ती त्याच्या उशाशी बसून होती. मी जागी होते. कंदिलाच्या उजेडात तिची सावली भिंतीवर न हलता बसलेली दिसत होती.

सकाळी आजोबा पडवीत बसले होते, वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून. त्यांच्या चष्म्याची उजवी काडी कित्येक दिवस सैल झाली होती. स्क्रू निघून गेला होता आणि ते ती कानामागं सतत सावरत असायचे. आई चहा घेऊन गेली आणि तिथंच उभी राहिली. काडी आणि काच जिथं जुळतात, तिथं दोरा गुंडाळलेला होता. घट्ट, ओळीनं, शिंप्यानं बटण लावावं तसा. पिवळा. त्यांनी तो ताटातून उचलून खळखळून धुतला होता, रात्री खुंटीवर वाळवला होता आणि पहाटे बसून चष्म्याला गुंडाळला होता. आईनं काही विचारायच्या आधीच म्हणाले, "चांगलो दोरो. टाकूचो कित्याक?"

आई हसली नाही. चहा ठेवला आणि आत जाऊन झोपली. दिवसा झोपलेली आई मी तेव्हाच पाहिली. तो दोरा मात्र पुढं तसाच राहिला. नवा स्क्रू बसवून देतो असं बाबा दोनदा म्हणाले, आजोबांनी चष्मा दिला नाही. घामानं, पाण्यानं त्याचा पिवळेपणा हळूहळू गेला, तो काळपट झाला. आजोबा गेले तेव्हा चष्मा खिडकीत होता आणि दोरा त्याच्यावर होता.

मी चॉप शिवले. चार चॉप, चार दोरे.

हे भरलेले चॉप जुन्या पिढीच्या हातून चामड्यासारखे होतात, त्याला कारण आहे. १८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना माणसाच्या स्नायूंत पांढरे बारीक कण दिसले. ते ट्रिकिनेला जंत निघाले, आणि ते डुकराच्या कच्च्या मांसातून येतात हे पुढं कळलं. ती भीती स्वयंपाकघरांत मुरली. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ साली चॉपसारख्या अखंड तुकड्यांसाठीचं तापमान ७१ अंश सेल्सियसवरून ६३वर आणलं आणि नंतर तीन मिनिटं थांबायला सांगितलं. पण भरलेल्या चॉपची अडचण वेगळी. मांसातला कच्चा रस पावात झिरपतो, म्हणून सारणाच्या मधोमध ७४ अंश व्हावेच लागतात. तोवर बाहेरचं मांस पुढं निघून जातं, आणि कण्याजवळच्या या स्नायूत चरबी इतकी कमी की तो लगेच कोरडा पडतो.

म्हणून मी दोन गोष्टी करते. चॉप दोन तास मिठाच्या पाण्यात, १ लिटरला ५० ग्रॅम मीठ, म्हणजे मांस स्वतःचं पाणी धरून ठेवतं. आणि सारण गरम असतानाच भरते, भरल्यावर थांबत नाही. बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजू तांबूस, चरबीची किनार उभी धरून खमंग, मग १८० अंशांच्या ओव्हनमध्ये. थर्मामीटरचं टोक सारणात, मांसात नाही. आंटी थर्मामीटर बघून मान हलवतात. त्या अंगठ्यानं दाबून सांगतात, आणि त्यांचा अंगठा चुकलेला मी अजून पाहिला नाही.

त्या संध्याकाळी आंटींसाठी एक चॉप नेऊन दिला. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा खाली वाजत होता, त्यांनी मला थांबवून गरम पोय पाव आणवले. सुरीनं दोरा कापला तेव्हा लाल सारण ताटात उतरलं, बिंबलाचा आंबट वास आला. त्या सावकाश जेवल्या. शोरिस चांगले आहेत म्हणाल्या, पाव थोडा कमी चालला असता म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे, पाव पुढच्या वेळी निम्मा घेईन.

तुम्ही करणार असाल तर चॉप हाडासकट आणि दोन बोटं जाड मागा, दुकानदारानं नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जा. पातळ मिळाले तर तळून खा, भरायला घेऊ नका. आणि दोऱ्याचं टोक आधी काडीनं पेटवून पाहा: मऊ राख झाली तर तो सुती, गोळा होऊन आक्रसला तर ते रीळ परत शिवणाच्या डब्यात ठेवा.