फुकट आणि मोकळं

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात मराठी आणि उर्दू पुस्तकं एकाच कपाटात राहतात. त्यांची यादी ठेवणारा छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहायला घेतला, तेव्हा पहिला प्रश्न आला टूलकिटचा. खिडक्या, बटणं, रकाने हे तयार सामान घ्यायचं कुठून?

पायथॉनसोबत येणारं टीकिंटर हाताशीच होतं. हलकं, परवान्याची कटकट नाही. पण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. नुसती अक्षरं दिसून भागत नाही; उर्दू निवडली की अख्खी खिडकी आरशात पाहिल्यासारखी फिरायला हवी. ही सोय क्यूट आणि जीटीके या दोन्हींत आहे, देवनागरी जोडाक्षरंही दोन्हींत नीट उमटतात. वाचनालयातला कॉम्प्युटर विंडोजचा. तिथे क्यूट बसवणं सोपं, म्हणून कौल क्यूटला.

पायथॉनमधून क्यूट वापरायचे दोन रस्ते: पायक्यूट आणि पायसाइड. कामात दोघं सख्खे भाऊ, फरक परवान्यात. पायक्यूट जीपीएलखाली मिळतं: प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर सोर्स कोडही त्याच अटीवर द्या, नाहीतर व्यावसायिक परवाना विकत घ्या. पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं: स्वतःचा कोड जवळ ठेवता येतो, मात्र आतलं क्यूट बदलायची मुभा वापरणाऱ्याला राहिली पाहिजे.

भाचा म्हणाला, "मामू, दोन्ही फुकटच आहेत. काय फरक पडतो?"

पडतो. १९९६ साली लिनक्ससाठी केडीई हा डेस्कटॉप क्यूटवर उभा राहू लागला. क्यूट तेव्हा तिथे मोफत मिळे, पण त्यात बदल करून ते वाटायला परवानगी नव्हती. या एका अटीपायी १९९७ साली जीटीकेवर ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू झाला. पुढे २००० साली क्यूट जीपीएलखाली आलं, २००९ साली एलजीपीएलखालीही. तोवर घरं वेगळी झाली होती. ती आजही वेगळीच आहेत.

मी पायसाइड घेतलं आणि माझा कोड जीपीएलखाली दिला. अट घालायचीच तर ती माझी असावी, टूलकिटची नव्हे. भाच्याला हा प्रोग्रॅम इतर वाचनालयांना विकायचा आहे. खुशाल विक म्हटलं. जीपीएल पैसे घ्यायला मना करत नाही. फक्त सोबत कोड दे. उद्या तू नोकरीसाठी शहरात जाशील, मी असेन-नसेन. यादीत एक रकाना वाढवायला वाचनालयाला आपल्या दोघांची वाट पाहावी लागू नये.